‘म्हणून’ लिहिण्याआधी

(मार्चच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींसाठी लालबागला रविवारचा अभ्यासवर्ग चालू आहे. रात्रशाळेत जाणारी गिरणगावातली मुलं आणि शिकायला मुंबईत आलेली आपली आदिवासी मुलं, दोन्ही त्यात बसतात. निबंधाच्या वर्गात आम्ही जे बोललो ते इथे देत आहोत. पाड्यावरच्या आणि आश्रमशाळेतल्या मुलांनी वाचावं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं.)



पहिलं सांगून टाकतो. आम्ही मास्तर नाही. बारावीपर्यंत शिकलो नि संघटनेच्या कामाला लागलो. शाळेत असताना निबंधात आम्हाला कधी फार मार्क पडले नाहीत. पण संघटनेत आल्यापासून जेवढं लिहिलं तेवढं शाळेत कधी लिहिलं नव्हतं. अर्ज, निवेदनं, तक्रारी, सुनावणीत द्यायची म्हणणी. आणि लिहिता लिहिता कळलं, की यातला प्रत्येक कागद म्हणजे कारण आणि परिणामाचा निबंधच असतो. अमुक झालं, ते या कारणाने झालं, त्याने आमच्यावर हा परिणाम झाला, म्हणून आमची ही मागणी आहे. मार्क देणारा फक्त वेगळा. शाळेत निबंध फसला तर पाच मार्क जातात. कचेरीत फसला तर जमीन जाते.

गेल्या रविवारी तुम्हाला दोन विषय दिले होते. ‘गिरण्या का बंद पडल्या?’ आणि ‘आदिवासींच्या जमिनी का गेल्या?’ सगळ्यांच्या वह्या आम्ही बसून वाचल्या. अक्षर बऱ्याच जणांचं आमच्यापेक्षा चांगलं आहे. पण दोन वाक्यांपाशी आम्ही थांबलो. नावं सांगणार नाही.

इथल्याच एका मुलाने लिहिलंय, “कामगारांनी संप केला म्हणून गिरण्या बंद पडल्या.” त्याचे वडील गिरणीत होते.

आणि आपल्यातल्या एका मुलीने लिहिलंय, “आदिवासी अडाणी व व्यसनी असल्यामुळे त्यांच्या जमिनी गेल्या.”

रागावलो नाही. नववीत असताना आम्हीही असंच लिहिलं होतं आणि गुरुजींनी त्याखाली ‘छान’ लिहिलं होतं. पण ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघा. एकात ज्याची नोकरी गेली त्याचाच दोष. दुसऱ्यात ज्याची जमीन गेली त्याचाच दोष. ज्याच्याकडे गिरणीची जागा राहिली तो वाक्यात कुठेच नाही. ज्याच्या नावावर जमीन चढली तोही कुठे नाही. एका ‘म्हणून’मध्ये आणि एका ‘मुळे’मध्ये एवढी माणसं गडप झाली. तेव्हा आज आपण याच शब्दावर बोलू. ‘म्हणून’ लिहिण्याआधी काय काय करायचं, ते पायरी पायरीने.

पहिली पायरी : विषय लहान करा, दिशा ठरवा

विषय मिळाला की लगेच लिहायला लागू नका. आधी स्वतःला विचारा, इथे मागं जायचंय की पुढं? ‘का झालं’ विचारलं असेल तर मागं जायचं, म्हणजे कारणं. ‘त्याने काय झालं’ विचारलं असेल तर पुढं जायचं, म्हणजे परिणाम. दोन्ही एका निबंधात कोंबलं की अर्धं मागं नि अर्धं पुढं होतं आणि वाचणारा मध्येच उभा राहतो. प्रश्नातच दोन्ही मागितलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर एकच धरा.

मग विषय तुमच्या पानात मावेल एवढा करा. ‘आदिवासींच्या जमिनी का गेल्या’ हा विषय एका पानाचा नाही. आमच्या जमिनी तीन वाटांनी गेल्या. काही सावकाराच्या वहीतून गेल्या. काही जंगलखात्याच्या हद्दीत गेल्या, इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला तेव्हापासून. काही धरणाच्या पाण्याखाली गेल्या. तिन्हींची कारणं वेगळी, कायदे वेगळे. तीन वाटा एका पानात घेतल्या तर एकही नीट चालून होत नाही. एक वाट धरा आणि पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, की मी या वाटेबद्दल लिहितोय.

दुसरी पायरी : कच्च्या पानावर सगळं ओता

वहीच्या शेवटच्या पानावर मधोमध विषय लिहा. त्याभोवती जे जे सुचेल ते लिहा. खरं-खोटं, लहान-मोठं आत्ता बघू नका. घरी विचारा, चाळीत विचारा. इथे बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरात गिरणीत काम केलेलं कोणीतरी आहे. पुस्तकात मिळणार नाही ते त्यांच्याकडे मिळेल.

‘१९८२ चा गिरणी संप का झाला?’ हा विषय घेऊ. तुम्ही मघाशी जे सांगितलंत ते आम्ही फळ्यावर लिहिलंय. बोनस कमी मिळाला. पगार कमी होता. बदलीवाल्यांना रोज काम मिळत नव्हतं. युनियन कामगारांचं ऐकत नव्हती. डॉक्टर सामंतांनी दुसऱ्या कारखान्यांत पगार वाढवून दिले होते. महागाई होती. कायदा आडवा येत होता. सात गोष्टी झाल्या. एवढं झालं की अर्धा निबंध झाला म्हणून समजा.

तिसरी पायरी : तीन खण

आता या सात गोष्टी एकामागून एक लिहून काढल्या तर ती वाण्याची यादी होईल. निबंध होणार नाही. कारण सगळी कारणं एका उंचीची नसतात. आमच्याकडे वणवा लागतो तेव्हा कोणी म्हणतं विडी टाकली, कोणी म्हणतं पाचोळा वाळला होता, कोणी म्हणतं यंदा जाळरेषाच काढली नव्हती. तिघेही खरं बोलतात. पण तिघे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. तशी कारणांचे तीन खण करा.

पहिला खण ठिणगीचा. लगेच आधी काय घडलं? इथे १९८१ च्या दिवाळीतला बोनसचा तंटा.

दुसरा खण जवळच्या कारणांचा. रोजच्या जगण्यात काय साचलं होतं? कमी पगार, महागाई आणि बदली. बदली कामगार म्हणजे कायम झालेला माणूस गैरहजर असेल तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. घेतलं तर काम, नाहीतर परत खोलीवर. वर्षानुवर्षं माणसं अशी उभी राहिली. दुसऱ्या कारखान्यांत पगार वाढले हेही याच खणात टाका, कारण शेजारच्याचं ताट दिसलं की आपलं रिकामं ताट जास्त दिसतं.

तिसरा खण मुळाचा. ही सगळी गाऱ्हाणी होती तर ती बोलून का सुटली नाहीत? याचं उत्तर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. त्या कायद्याने सगळ्या कापड गिरण्यांसाठी एकच मान्यताप्राप्त युनियन, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकाशी करार करायचा हक्क तिचाच. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नाही तरी मालक दुसऱ्याशी बोलायला बांधलेला नाही. म्हणून संपाच्या मागण्यांत पगारवाढ होती तशी हा कायदा रद्द करा हीसुद्धा मागणी होती.

आता बघा, सात गोष्टींची ओळ लागली. ठिणगीपासून मुळाकडे गेलात तर वाचणारा एकेक पायरी खाली उतरतो. मुळापासून ठिणगीकडे आलात तर गोष्टीसारखं पुढं सरकतं. दोन्ही चालतं. एक धरलं की मध्येच बदलू नका.

चौथी पायरी : ‘म्हणून’ला तीन प्रश्न विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि शाळेत हीच कोणी सांगत नाही. प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, आधीपासून होतं का? ‘संप केला म्हणून गिरण्या बंद पडल्या’ हे वाक्य घेऊ. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. गिरण्यांना त्याआधी धाड भरली नव्हती का? सरकारने १९६८ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढलं होतं. कशासाठी? डबघाईला आलेल्या गिरण्या ताब्यात घेऊन चालवायला. म्हणजे संपाच्या चौदा वर्षं आधीच आजारी गिरण्या एवढ्या होत्या की त्यांच्यासाठी महामंडळ काढावं लागलं. दुखणं आधीचं असेल तर नंतरच्या गोष्टीला एकट्याने त्याचं कारण होता येत नाही.

दुसरा प्रश्न, हे कारण नव्हतं तिथे काय झालं? अहमदाबादेत मुंबईसारखा संप झाला नाही. तरी त्याच दहा-पंधरा वर्षांत तिथल्याही गिरण्या पटापट बंद पडल्या. मग दोन्ही शहरांत सारखं काय होतं ते शोधा. जुनी यंत्रं, नफा गिरणीत परत न घालणं, यंत्रमागांवर स्वस्तात होणारं कापड. आपल्याकडे ते भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला. तिथे ना तशी युनियन ना तसे पगार.

तिसरा प्रश्न, कसं? हा आमचा आवडता प्रश्न आहे. ‘अमुक झालं म्हणून तमुक झालं’ असं लिहिलंत ना, मग कसं झालं ते मधल्या कड्यांसकट सांगा. कड्या सांगता आल्या तर कारण खरं. नाही आल्या तर ते कोणाचं तरी ऐकून लिहिलेलं आहे.

म्हणजे संपाचा काहीच परिणाम झाला नाही असं लिहू का? तेही खोटं होईल. संप लांबला, लाखभर माणसांना पुन्हा कामावर घेतलं नाही, हे खरं आहे आणि ते इथल्या घराघरात माहीत आहे. आपल्या माणसाचा पक्ष घ्यायचा म्हणून खोटं लिहायचं नाही. नीट लिहायचं. ‘गिरण्या आधीच आजारी होत्या. मालकांना त्या चालवण्यापेक्षा बंद ठेवणं परवडत होतं. संपाच्या काळात काम भिवंडीकडे गेलं ते परत आलं नाही.’ या तीन वाक्यांत संपही आहे, मालकही आहे, यंत्रमागही आहे. कोणी गडप झालेलं नाही.

आता आपलं वाक्य

“आदिवासी अडाणी व व्यसनी असल्यामुळे त्यांच्या जमिनी गेल्या.” यालाही तेच प्रश्न विचारू.

आधी ‘कसं?’ विचारा. समजा एखादा माणूस दारू प्यायला. रात्री झोपला, सकाळी उठला. सातबाऱ्यावरचं नाव आपोआप बदलतं का? नाव बदलायला कागद लागतो. कागदावर अंगठा लागतो. साक्षीदार लागतात. तलाठी फेरफार लिहितो, वरचा साहेब तो मंजूर करतो. एवढी माणसं शुद्धीत असल्याशिवाय जमीन हलत नाही. मग जमीन दारूने गेली की या कड्यांनी गेली?

मग दुसरा प्रश्न. पिणारी माणसं काय पाड्यावरच आहेत? शहरात पितात त्यांचे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होतात का?

आणि अडाणी म्हणाल तर शिकलेल्याने अडाण्याला फसवलं तर कारण कोणतं लिहायचं, अडाणीपणा की फसवणूक? सरकारलाही हे कळलं होतं. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देता याव्यात, असा कायदा महाराष्ट्र सरकारने १९७४ साली केला. जमिनी दारूपायी जात असत्या तर सरकारने दारूवर कायदा केला असता. केला तो जमीन हस्तांतरावर.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. आमच्या पाड्यावर एक म्हातारे बाबा आहेत. त्यांची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. संघटनेत नवीन होतो तेव्हा त्यांचा अर्ज आम्हीच लिहिला. दोन पानं भरून लिहिलं. बाबा गरीब आहेत, निराधार आहेत, शतकानुशतकं अन्याय झाला आहे, तरी मायबाप सरकारने न्याय द्यावा. वाचताना आमचेच डोळे भरून आले होते. कचेरीतल्या माणसाने दोन्ही पानं चाळली आणि म्हणाला, “गरीब सगळेच आहेत. जमीन गेली कधी नि कशी ते कुठं लिहिलंय?” अर्ज परत आला.

आम्हाला तेव्हा त्याचा फार राग आला. पण प्रश्न त्याचा बरोबर होता. आम्ही अन्याय लिहिला होता, कारण लिहिलं नव्हतं.

मग दोन संध्याकाळी बाबांजवळ बसलो. ते म्हणत, “मी तं कोणाला इकली नाय रं.” आम्ही विचारत गेलो, त्याच्या आधी काय झालं? नि त्याच्या आधी? हळूहळू कड्या निघाल्या. आषाढात कणगीतलं भात संपलं. सावकाराकडून खावटी आणली. सुगीला दुप्पट भात द्यायचं ठरलं. त्या वर्षी पीक बुडालं, देता आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी. मग सावकाराने वहीचा हिशोब म्हणून एका कागदावर अंगठा घेतला. बाबा शेत कसतच राहिले, अर्धं भात सावकाराला घालत राहिले. त्यांना वाटे, कर्ज फिटतंय. काही वर्षांनी त्यांना बांधावरून हाकललं तेव्हा कळलं, की शेत केव्हाच नावावरून गेलंय. फेरफाराची नक्कल काढली. तारीख कायद्याने सांगितलेल्या काळातलीच निघाली.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. कोणती जमीन, कोणत्या तारखेला कोणत्या फेरफाराने गेली, अंगठा काय सांगून घेतला, कसणं केव्हापर्यंत चालू होतं, त्याचे साक्षीदार कोण, म्हणून या कायद्याखाली जमीन परत मिळावी. ‘मायबाप’ काढून टाकलं. या खेपेला कचेरीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, “फेरफार नंबर काय म्हणालात?” सुनावणी अजून चालू आहे. निकाल आमच्या हातात नाही. पण आता बोलणं बाबांच्या गरिबीवर चालत नाही, त्या कागदावर चालतं. योग्य कारण लिहिल्याने एवढा फरक पडतो.

१९४५ साली २३ मे रोजी झरीला वारल्यांची मोठी परिषद भरली, तेव्हा हेच झालं होतं. लग्नासाठी थोडं कर्ज काढायचं आणि नवरा-बायकोने जन्मभर मालकाकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. लोक ते नशीब समजत होते. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलंय. ज्या दिवशी लोकांनी ठरवलं की याचं कारण नशीब नाही, वेठ आहे, त्या दिवशी काय बंद करायचं ते कळलं. कारण नशीब असेल तर मोर्चा कोणावर काढणार?

पाचवी पायरी : परिणाम लिहायचे असतील तर

परिणामांच्या निबंधात घोटाळा वेगळा होतो. एका घटनेला अनेक फांद्या फुटतात आणि लिहिणारा सगळ्या फांद्यांवर उड्या मारतो. कच्च्या पानावर दोन प्रश्नांचा तक्ता करा. कोणावर? आणि केव्हा?

संपाचे परिणाम घेऊ. कामगारावर लगेच काय झालं? पगार थांबला. घरच्यांवर काय झालं? दागिने मोडले, मुलांच्या शाळा सुटल्या, कितीजण कोकणात नि घाटावर गावी परत गेले. खानावळवाल्या बाईवर काय झालं? हे कोणीच लिहिलेलं नाही. गिरणगावात एकटे राहणारे कामगार खानावळीत जेवत. पगार थांबला, खानावळीचे पैसे थकले, बाईची वाण्याकडे उधारी चढली. याच बायका १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या होत्या, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. गिरणीच्या भोंग्यावर फक्त गिरणीतला माणूस जगत नव्हता, हे एका खानावळीच्या उदाहरणाने जेवढं पटतं तेवढं दहा मोठ्या शब्दांनी पटत नाही.

मग केव्हा? काही परिणाम लगेचचे. काही दोन-चार वर्षांतले, म्हणजे १९८३ साली सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या तो. आणि काही लांबचे, जे आत्ता आपल्या डोळ्यांसमोर होताहेत. गिरण्यांच्या जागा. १९९१ च्या बांधकाम नियमांत गिरणीची जागा विकसित करायची वाट झाली. तेव्हाचा ढोबळ हिशोब असा होता, की तिसरा हिस्सा शहराला मोकळ्या जागेसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी, तिसरा मालकाला. कागदावर असं होतं. प्रत्यक्षात काय झालं ते तुम्ही इथे राहून शोधायचं आहे. आमच्याकडेही कागदावर पुष्कळ असतं.

परिणाम लिहिताना मधली कडी गाळू नका. उदाहरण सांगतो. १८९६ साली मुंबईत, मांडवीत, प्लेग सुरू झाला. पुढे दादर-माटुंग्याला रुंद रस्त्यांची नवी वस्ती झाली. एखादा लिहील, ‘प्लेग आला म्हणून दादर वसलं.’ वाचणारा गोंधळेल. प्लेग काय घरं बांधतो? मधली कडी अशी, की प्लेगमुळे दाटीच्या वस्त्यांची भीती बसली, सरकारने १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट नेमला, ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडायला आणि शहराच्या उत्तरेला नव्या वस्त्या आखायला घेतल्या. ही कडी घातली की वाक्य उभं राहतं. आणि ती घातली की पुढचा प्रश्नही सुचतो. ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्या सगळ्यांना दादरला घर मिळालं का?

सहावी पायरी : मांडणी

आता पक्कं लिहा. आमची साधी पद्धत अशी.

सुरुवातीला चार-पाच ओळी. काय घडलं, कुठे, केव्हा, आणि मी त्याची कारणं सांगणार की परिणाम. ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ इथून सुरू करू नका. ‘१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी काम बंद केलं’ असं सुरू करा. तपासणाऱ्याला लगेच कळतं की याला काहीतरी माहीत आहे.

मग एका कारणाला एक परिच्छेद. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात कारण. पुढे ‘कसं’. मग एक उदाहरण, चाळीतलं, पाड्यावरचं, कायद्यातलं. तीन कारणं नीट लिहिलीत तर पुष्कळ झाली. दहा अर्धवट नकोत.

जोडायचे शब्द जपून वापरा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ हे शब्द कारण सांगतात. ‘त्यानंतर’, ‘मग’, ‘पुढे’ हे फक्त क्रम सांगतात. ‘त्यानंतर’च्या जागी ‘त्यामुळे’ घातलं की अर्थ बदलतो. लिहून झालं की फक्त ‘म्हणून’ आणि ‘मुळे’ असलेली वाक्यं बोटाने शोधा आणि प्रत्येकाला विचारा, कसं? अडलं तर ते वाक्य सुधारा किंवा खोडा.

शेवटी नवीन कारण आणू नका. मूळ कोणतं होतं ते एका वाक्यात सांगा, आणि ते मूळ असेल तर उपाय कोणता निघतो ते सांगा. कारण दारू असेल तर उपाय उपदेश. कारण खोटा फेरफार असेल तर उपाय जमीन परत. जो कारण लिहितो तोच उपाय ठरवतो. म्हणून कारणं लिहायचं काम आपण दुसऱ्यांवर सोडायचं नाही.

वेळेचं म्हणाल तर समजा निबंधाला चाळीस मिनिटं आहेत. त्यातली दहा कच्च्या पानाला द्या. हातातली दहा मिनिटं गेली असं वाटेल. जात नाहीत. नांगर धरायच्या आधी शेताच्या कडेने एक फेरी मारतोच ना आपण? पंचवीस मिनिटं लिहा. पाच मिनिटं ‘म्हणून’ शोधायला ठेवा.

पुढच्या रविवारसाठी

एकच विषय देतो, पण जोडीने लिहायचा. एक लालबाग-परळचा, एक आपल्यातला, अशा जोड्या करा. विषय आहे, ‘चाळीतला नळ’.

या शहराला तानसाचं पाणी १८९२ पासून येतंय. वैतरणेवरच्या मोडकसागराचं १९५७ पासून. तानसा आमच्या शहापूर तालुक्यात आहे. इथल्या नळाला पाणी आलं त्याचे परिणाम चाळीतल्या मुलाने लिहायचे. शहरात काय वाढलं, गिरण्या-वस्त्या कशा उभ्या राहिल्या, पहाटे पाण्यासाठी कोण उठतं. आणि त्याच पाण्याचे परिणाम पलीकडच्या मुलाने लिहायचे. तलावाखाली काय गेलं, आणि मोठ्या पाइपाजवळच्या पाड्यातल्या बाया चैत्र-वैशाखात हंडा घेऊन किती लांब जातात. मग दोघांनी एकमेकांची पानं वाचायची आणि एकमेकांच्या प्रत्येक ‘म्हणून’ला विचारायचं, कसं?

भांडण झालं तर होऊ द्या. पण दोन्ही पानं एकत्र आणा.

आणि ज्या मुलीने ते वाक्य लिहिलं होतं तिला सांगतो. बहिणी, तू वाक्य खोडलंस ते आम्ही मघाशी बघितलं. घरी जाशील तेव्हा आजीजवळ बस, नि विचार, त्याच्या आधी काय झालं? नि त्याच्या आधी? जे सांगेल ते वहीत लिहून आण. तारखा सांगता येणार नाहीत तिला. कोणता दुष्काळ, कोणाचं लग्न, कोणतं पोर तेव्हा अंगावर होतं, असं सांगेल. तेवढं पुरे. तारखा आपण कचेरीतून काढू.

जोहार. जिंदाबाद.